शाळेच्या फाटकाशी

खोलापारा छावणी, रायपूर
८ एप्रिल २०२१

अपर्णा, जय भीम.

सहा दिवसांपासून फोन लावून राहिली, तू उचलत नाहीस. यशदीपले लावला तर तो म्हणे, ताई, मी मालगाडीवर आहे, घरी बोला. म्हणून कागद घेऊन बसली. डाक अजून चालू आहे.

उद्या संध्याकाळपासून रायपूर बंद होऊन राहिलं. ब्राह्मणपाऱ्यात माझ्या मैत्रिणीच्या एकाच घरातून चार दिवसांत तीन माणसं गेली. आपली छावणी अजून वाचलेली आहे, पण किती दिवस? तू इथंच जन्मली, तुले काय सांगू. चौसष्ट साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकायसाठी चार महिन्यांपुरत्या म्हणून या बराकी बांधल्या, आणि आता त्यात तिसरी पिढी राहून राहिली. एका खोलीत आठ माणसं, मधात पत्रा. एकानं खोकललं की बारा घरांत ऐकू जाते.

छावणीच्या साहेबांपुढे मी एक योजना ठेवली होती, ती मंजूर झाली. पासष्टच्या वरचे सगळे छावणीच्या शाळेत न्यायचे. पाच वर्ग, एक्केचाळीस माणसं, चारी बाजूनं दोरी. घरच्यांनी डबा फाटकाबाहेर बाकावर ठेवायचा आणि मागं सरायचं. आत मी आणि एक आया, बस. लस फक्त नऊ जणांले मिळाली. बाकीच्यांचं कार्डावर एक नाव, रेशनच्या कागदावर दुसरं, म्हणून परत पाठवले.

सगळे तयार झाले, तुझी आई नाही. मले म्हणते, "साठ साल कॅम्प में रखा, अब कॅम्प का भीतर और एक कॅम्प?" मी गेली की दाराले आडवी बसते. तिले घरचं कोणी नाही म्हणून शेजारची मंडलची सून भात देते, आणि ती सून भाजीबाजारात दिवसभर फिरणारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे, अपर्णा. एक वारा पुरे.

ज्यायचे लोक बाहेर आहेत त्यायले पास मिळून राहिला. तिच्या नावाचा मी काढून ठेवला, वीस तारखेपर्यंत चालते. यशदीपले सुट्टी नसेल तर नुसता हो म्हण, मी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरले सांगून गोंदियाले पोचवते. थाळीभर भात आणि झोपायले एक कोपरा, बाकी तिले काय लागते?

लवकर कळव.

दीपमाला


गोंदिया
१२ एप्रिल २०२१

दीपमालाताईंना जय भीम.

तुमचे पत्र आज मिळाले. फोन उचलत नाही म्हणून रागावू नका. फोनवर बोलले की घरातले सगळे ऐकतात, आणि मला जे सांगायचे आहे ते सगळ्यांसमोर सांगता येत नाही.

आईला इथे आणणे शक्य नाही. सासूबाईंचा दमा तुम्हाला माहीत आहे. यशदीप एक दिवस डोंगरगडला तर दुसऱ्या दिवशी इतवारीला. बाहेरून काय घेऊन येईल सांगता येत नाही. मी सासूबाईंजवळ विषय काढला होता. त्यांनी स्पष्ट सांगितले, अशा वेळी बाहेरचे माणूस घरात नको. त्यांचेही चूक नाही. मी सून आहे, किती बोलणार?

उलट मला तुमची शाळेची योजना फार चांगली वाटली. तुमच्यासारखी परिचारिका चोवीस तास जवळ, याहून ती अधिक सुरक्षित कुठे राहणार? तिला कसेही करून आत न्या. ती हट्टी आहे, पण तुमचे ऐकते. माझे तिने कधीच ऐकले नाही.

तुम्हाला त्रास देते आहे याची जाणीव आहे. यशदीपशी हा विषय काढू नका. तो आधीच ड्यूटीने दमलेला असतो.

तुमची
अपर्णा


खोलापारा छावणी
१६ एप्रिल

अपर्णा,

तुझं पत्र पंधराले मिळालं. शांताकाकू असं बोलतील असं वाटलं नव्हतं. पण दमा आहे, भीती माणसाले काय काय बोलायले लावते. असो.

तुझी आई आत आली. कशी आली ते सांगते, मंग तू मले जे बोलायचं ते बोल.

तुझं पत्र घेऊन मी तिच्या दाराशी गेली. तिनं पाकीट पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. तिले ऐकू कमी येते, वाचता येत नाही. कागद हातात घेऊन तिनं त्याचा वास घेतला. म्हणे, "पढ़ो." आजूबाजूच्या चार बायका जमल्या. मी काय वाचणार होती? मी कागद उघडला आणि मोठ्यानं वाचलं: "मा, रस्ता बंद आहे म्हणून अडकली. रस्ता उघडला की मी स्वतः येऊन तुले घेऊन जाते. तोपर्यंत दीदीच्या शाळेत राहा. तिथून तुले न्यायले मले सोपं जाईल."

यातलं एकही अक्षर तू लिहिलं नव्हतं.

तिनं दोनदा वाचायले लावलं. दुसऱ्यांदा मी तेच शब्द आठवून आठवून म्हटले. मंग तिनं लुगडी बांधली, देवाचा फोटो काखेत धरला आणि माझ्या आधी शाळेकडे चालू लागली. आता सगळ्यायले सांगून राहिली की मेरा बेटी आएगा. चार नंबरच्या वर्गात खिडकीजवळची जागा दिली. जेवते नीट. जयंतीले मी घरी गेली नव्हती, म्हणून काल रात्री इथंच एक मेणबत्ती लावली, तर ती माझ्या बाजूले येऊन हात जोडून उभी राहिली.

माझं खोटं चांगल्यासाठी होतं. तू आता दोन ओळी खऱ्या लिही, त्या मी वाचून दाखवते.

दीपमाला


गोंदिया
२० एप्रिल २०२१

ताई,

तुमचे पत्र वाचून मला राग आला, हे लपवत नाही. माझ्या नावाने तुम्ही वचन कसे दिले? उद्या ती मलाच विचारेल.

दोन दिवस विचार केला. ती आत गेली, जेवते आहे, म्हणजे काम झाले. वचनाचे म्हणाल तर आता ते मोडता येणार नाही. मोडले तर ती उठून बराकीत परत जाईल. तेव्हा चालू ठेवा. मात्र "रस्ता उघडला की" असे म्हणू नका, ती रोज विचारत राहील, मी ओळखते तिला. तिला तारीख लागते. लहानपणी रेशनची तारीख सांगितली की ती तोवर पोटात पाय घेऊन गप्प बसायची. पंचवीस सांगा. पंचवीस आली की पुढची सांगू.

खाली तिच्यासाठी चार ओळी लिहिल्या आहेत. मराठीतच लिहिल्या आहेत, तुम्ही हिंदी करून सांगा. बांगला लिहायला मी विसरले.

"मा, पंचवीसला येते. तयार राहा. तुझ्यासाठी खोली स्वच्छ करून ठेवली आहे."

अपर्णा


खोलापारा छावणी
२७ एप्रिल

अपर्णा,

पंचवीस तारीख झाली.

त्या दिवशी ती पहाटे उठून न्हाली. पांढरं लुगडं नेसली, गाठोडं घेतलं आणि साडेसहाले फाटकाशी येऊन बसली. फाटकाशी कोणी बसायचं नाही हा नियम मीच केला आहे. पाच वर्गांत मोठ्या अक्षरांत मीच तो लिहून लावला. डबा बाहेर येतो, आया पुसते, आत आणते. म्हातारी माणसं आणि बाहेरची माणसं यांच्यात दहा पावलं राहिलीच पाहिजेत, त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप. पण तिले कोणत्या तोंडानं उठवू? तिले तारीख मीच सांगितली होती.

मी म्हटलं, बसू दे थोडी. थोडीची दुपार झाली. डबे आले, माणसं गेली. मंडलची सून आली ती सळ्यांच्या पलीकडे उकिडवी बसून तिच्याशी बोलत राहिली. तिनं आपल्या चंचीतून पान लावून सळीमधून दिलं. तुझ्या आईनं अर्धं तोडून तिले परत दिलं. मी व्हरांड्यातून ओरडली तेव्हा सून उठून गेली. जाताना ती खोकलली. मी ते पाहिलं, अपर्णा. पाहिलं आणि म्हटलं, पानाचा ठसका असेल.

संध्याकाळी मी तिच्याजवळ गेली. ती म्हणे, "ट्रेन लेट होगा." मी हव म्हटलं. तिनं गाठोडं उचललं, आत गेली. ज्या बायकांचे लोक डबा आणतात त्या बायकांनी तिले विचारलं, तर म्हणे, जावयाले सुट्टी नाही मिळाली.

दुसरी तारीख मी देणार नाही. येत असशील तर ये. नसशील तर तिले खरं सांगू दे. आत आहे, आता बाहेर जाणार नाही.

दीपमाला


गोंदिया
३० एप्रिल २०२१

ताई,

खरे सांगू नका. कृपा करून सांगू नका. तिला सगळ्या बायकांसमोर खाली पाहायला लावू नका. ती बाई उपाशी राहील पण कोणासमोर खाली पाहणार नाही.

सहा मे सांगा. गुरुवार आहे. या वेळी मी खरोखर प्रयत्न करते. यशदीपची रायपूरकडची ड्यूटी लागली तर त्याच्यासोबत पास काढून येते. नक्की म्हणत नाही, पण तुम्ही तिला नक्की म्हणून सांगा.

नियमाचे म्हणाल तर एक दिवस फाटकाशी बसल्याने काय होते? तुम्ही फार घाबरता.

अपर्णा


खोलापारा छावणी
१५ मे

अपर्णा,

तार केली असती तर बरं झालं असतं, पण आता तार नाही. नऊ तारखेले दुपारपासून अकरा वेळा फोन केला. अकराव्या वेळी तू उचलला, मी "आई गेली" म्हटलं, तू "बरं" म्हटलं आणि ठेवला. बाकीचं लिहून राहिली.

तुझं पत्र तीन तारखेले आलं. मी नाही सांगणार म्हटलं होतं, तरी सांगितलं. तिनंच विचारलं, "अब कब?" तिच्या आजूबाजूले सहा जणी कान देऊन होत्या. मी म्हटलं, सहा तारीख, गुरुवार.

मले नंतर आयानं सांगितलं की तिले एकोणतीसपासूनच अंग तापत होतं. रोज सकाळी मी सगळ्यांचा ताप मोजते. ती त्याच्या आधी ओला पंचा कपाळावर, काखेत ठेवायची. खोकला आला की तोंडात पदर कोंबायची. आयाले म्हणे, दीदीले सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. काहून? तर ताप निघाला की शहरातल्या मोठ्या सेंटरात नेतात, आणि सहा तारखेले तिले फाटकाशी बसायचं होतं.

सहाले ती बसली. नऊ वाजता मी तिच्या हाताले हात लावला तेव्हा कळलं. मी तिले उचलून वेगळ्या खोलीत नेलं. मशीन लावलं, ऑक्सिजन चौऱ्याहत्तर. रुग्णवाहिका संध्याकाळी आली, तीन ठिकाणी फिरली, कुठं खाट नाही, परत इथंच आणून सोडलं. एक सिलेंडर मिळाला, तो आठच्या रात्री संपला. नऊले सकाळी ती गेली. महापालिकेचे लोक घेऊन गेले. कोणाले चेहरा दाखवला नाही, मलेसुद्धा नाही.

चार नंबरच्या वर्गातल्या नऊपैकी आठ जणांले लागण झाली. मंग तीन नंबर, मंग पाच. आजपर्यंत तेरा गेले. पत्र पोचेपर्यंत किती होतील माहीत नाही. मंडलच्या सुनेची तपासणी केली तर ती पॉझिटिव्ह होती. ती सत्तावीस वर्षांची आहे, पाच दिवसांत उठून बसली.

आता अजून एक. छावणीत सगळे विचारून राहिले, दोरीच्या आत आजार गेला कसा. आपल्या हिरालालवर आळ आला. तू त्याले ओळखतेस, तीनचाकीवर पाण्याचे कॅन आणतो तो. त्याचा भाऊ उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये आहे, त्याले मार्चमध्ये ताप होता. बस, तेवढं पुरलं. बारा तारखेले तीसेक पोट्ट्यायनी त्याची तीनचाकी मोडली, त्याले आणि त्याच्या बायकोले हाकललं. तो कधी व्हरांड्याच्या आत आला नाही. कॅन बाहेर ठेवायचा आणि हाक मारायचा, "दीदी, पानी." आता तो भनपुरीले ट्रक उभे राहतात तिथं एका टपरीमागं राहून राहिला.

मी गप्प राहिली. साहेबांनी विचारलं तेव्हाही.

दीपमाला


गोंदिया
१९ मे २०२१

ताई,

आईचे जे झाले ते झाले. तिचे वय झाले होते. या लाटेत तरणी माणसे गेली, तेव्हा मी रडत बसणे बरोबर नाही. इथे कोणाला फार सांगितले नाही. सासूबाईंना सांगितले, त्या रडल्या.

तुम्ही केले ते सर्व मनापासून केले, मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. तुम्हीही स्वतःला देऊ नका, आणि मलाही नको.

हिरालालचे ऐकून वाईट वाटले. पण ताई, आता तो विषय उकरून काय मिळणार? तो तिथला माणूस, चार महिन्यांनी सगळे विसरतील आणि तो परत येईल. तुम्ही तोंड उघडले तर तुमची नोकरी जाईल आणि माझे नाव यशदीपपर्यंत येईल. ती पत्रे कृपया जाळून टाका.

अपर्णा


गोंदिया
२७ मे

चि. दीपमालाले शांताकाकूचा जय भीम.

बाई, मी जास्त लिहत नाही, डोळ्याले दिसत नाही. पण तुले लिहिल्याशिवाय मले चैन पडत नव्हतं. विहीणबाईच्या शेवटाले तू होती, लेकीनं करावं ते तू केलं. बुद्ध तुह्यं भलं करो.

काल पौर्णिमेची खीर केली. एक वाटी विहीणबाईच्या नावानं बाजूले ठेवली. लय वाईट वाटते. मी अपर्णाले मार्चपासून दोनदा तीनदा म्हटलं, तुह्या आईले आण. वरची खोली रिकामी आहे, मी खाली राहीन, ती वर राहील, माह्या दम्याले काय होते. यशदीपनं तर खाट पण टाकली होती वर. पण अपर्णा म्हणे, माय छावणी सोडायले तयार नाही, मी लय विनवलं. म्हाताऱ्या माणसाचा जीव जागेत अडकते बाई, मले समजते. आणि अपर्णा तरी काय करन.

ती पोरगी लय गप्प झाली. तू दोन शब्द समजावून लिही तिले.

शांताबाई


खोलापारा छावणी
३१ मे

अपर्णा,

शांताकाकूचं पत्र आलं. सोबत पाठवून राहिली. वाच. वरच्या खोलीत खाट टाकली होती.

सतरा गेले आहेत. आता नवीन कोणी नाही.

मी लोकायले सांगणार आहे. हिरालालनं काही केलं नाही, आजार फाटकातून आला, फाटकाशी तिले मी बसू दिलं आणि तारीख तू दिली, हे सगळं. तुले आधी कळवून राहिली, एवढंच. काहून खोटं बोललीस ते सांगशील तर सांग. नाही सांगितलं तरी मी बोलणार.

दीपमाला


गोंदिया
४ जून २०२१

ताई,

कारण विचारता, तर लिहिते.

मी सहा-सात वर्षांची असताना रेशनच्या रांगेत आई मला पुढे उभे करायची. खिडकीवरचा बाबू रडणारे मूल पाहिले की मापटे थोडे जास्त भरायचा. मी रडत नसे. मग ती मागून माझ्या दंडाला चिमटा काढायची, रडू येईपर्यंत. तांदूळ मिळाला की रस्त्यात माझ्या दंडावर फुंकर घालायची आणि म्हणायची, आज तू मला जेवू घातलेस. दर पंधरा दिवसांनी. बारा वर्षांची होईपर्यंत.

गोंदियाला आले, गजभियेंची सून झाले. इथे मला कोणी रांगेतली म्हणून ओळखत नाही. तुमच्यापेक्षा शुद्ध मराठी लिहायला शिकले. पाच वर्षांपूर्वी ती चार दिवस इथे आली होती. तेव्हा जेवून झाल्यावर पानातला उरलेला भात पदरात बांधून ठेवायची. सासूबाई हसल्या, प्रेमाने हसल्या, पण मला ते सहन झाले नाही. तेव्हाच ठरवले, पुन्हा नाही.

मला ती घरात नको होती. तिने मरावे असे मला वाटत नव्हते. फक्त माझ्या घरात नको होती. तुम्हाला याहून मोठे कारण हवे असेल तर माझ्याकडे नाही.

तुम्ही बोलायचे ते बोला. यशदीपला मी स्वतः सांगितले आहे. तो वरच्या खोलीत झोपतो.

अपर्णा


खोलापारा छावणी
१७ जून

अपर्णा,

पाच तारखेलेच मी बोलली. तुझं पत्र तोवर आलं नव्हतं.

सकाळी टँकरवर सगळे जमतात तेव्हा गेली. शाळेतून खुर्ची आणली, तिच्यावर उभी राहिली. जसं घडलं तसं सांगितलं. मी खोटं पत्र वाचलं. मी नियम मोडला. मी खोकला ऐकला आणि गप्प राहिली. हिरालालचा यात काही हात नाही. तुझंही सांगितलं, की तुझ्या तारखा मी तिले देत होती. मले वाटलं, लोक मले मारतील. मी त्याच्यासाठी तयार होऊन गेली होती.

कोणी बोट लावलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "दीदी, आप थक गई हैं, घर जाइए." मागून एक बाई तुझ्या आईचं नाव घेऊन म्हणाली, "मतलब, सुरबाला लाई थी." मंग तेच दहा तोंडांतून आलं. मी ओरडून ओरडून सांगितलं, तिनं नाही, मी, आम्ही. त्यायले तेवढंच ऐकू गेलं. माझ्यावर राग धरून त्यायले चालत नाही, त्यायची औषधं माझ्याजवळ आहेत. तू गोंदियाले आहेस. हाताशी तीच होती, आणि ती मेलेली.

दुपारपर्यंत तिची खोली फोडली. भांडी, गोधडी, तुझ्या लग्नाचा फोटो, सगळं नाल्याजवळ नेऊन जाळलं. मंडलची सून पुढं होती. मी गेली तोवर राख झाली होती.

हिरालालले आणायले मी दुसऱ्या दिवशी भनपुरीले गेली. ट्रकच्या मागं बसून तो बायकोच्या पायाले मलम लावत होता. मारामारीत तिचा पाय मोडला, तो वाकडाच जुळला. मी त्याले सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दीदी, ये बात पहले बोलना था." आणि पुन्हा मलम लावू लागला. मी थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. तो आला नाही, येणारही नाही.

साहेबांनी वरती अहवाल पाठवला. त्यात लिहिलं आहे की खोलापाऱ्यात चोवीस वृद्धांचे प्राण वाचवण्यात यश आलं. मले प्रशस्तिपत्र मिळणार आहे. मी साहेबांले खरं सांगितलं, तर ते म्हणाले, फाइल बंद झाली.

आता जे तुले सांगायचं राहिलं ते सांगते. आठ तारखेले सिलेंडर चालू होता तेव्हा तिले थोडी हुशारी आली. तिनं मले खूण करून जवळ बोलावलं. म्हणे, "वो चिट्ठी तुम बनाया ना?" मी म्हटलं, नाही, अपर्णानं लिहिली. ती हसली. म्हणे, "मेरा बेटी ऐसा मीठा बात नहीं लिखता. पहिला दिन से मालूम था." मी विचारलं, मंग तू फाटकाशी काहून बसली, ताप काहून लपवला? तिनं तोंडावरचा मास्क बाजूले केला. मंग म्हणाली, "सबका आदमी डिब्बा लेके आता था. हमारा कोई नहीं आता था. तुम हमको तारीख दिया, तो हम भी बैठा." पुन्हा म्हणे, "छह तारीख सबको मालूम था. हम नहीं बैठता तो सब बोलता, बुढ़िया का बेटी मर गया क्या." त्यानंतर तिनं पाणी मागितलं. तुझं नाव घेतलं नाही. मी मुद्दाम सांगून राहिली, नाही घेतलं.

रांगेतलं तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्यावर राग धरायचा म्हटलं तरी धरता येत नाही, आणि माफ करायचं म्हटलं तर ते माझ्या हातात नाही. मी माझ्याकडचं एकही पत्र जाळलं नाही. तुझ्या आईनं ज्या कागदाचा वास घेतला तोही आहे. जाळणारे इथं भरपूर झाले.

काल गेलेल्यांसाठी कीर्तन होतं. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. दोरी सोडून टाकली होती. ढोल वाजले, नाम घेतलं, आणि मंग एकानं कागद काढून गेलेल्यांची नावं वाचली. प्रत्येक नावाले घरच्यांनी उठून फूल वाहिलं. मी मागं उभी राहून बोटावर मोजत होती. सोळा झाली. त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात टाकली.

मी पुढं जाऊन सतरावं नाव म्हणू शकत होती. पंधरा पावलं होती. सगळे मले ओळखतात, मले कोणी अडवलं नसतं. मी गेली नाही.

नंतर पंगत बसली. खिचडी होती, लाबड्याची मिसळ भाजी होती. मंडलच्या सुनेनं मले हाताले धरून बसवलं, म्हणे, दीदी, आप हमारे लिए इतना किए. पत्रावळीवर तिनंच वाढलं.

मी जेवली.

दीपमाला